‘वुड’ दोन्हीकडे का चालत नाही?

प्रश्न : संकेतार्थी वाक्यांचे प्रकार मी सूत्रांसह पाठ केले आहेत. तरीही ‘मला माहीत असते तर मी आलो असतो’ याचे इंग्रजी मी ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असे केले आणि ते चुकीचे ठरले. मराठीत ‘असते’, ‘असतो’ दोन्ही भागांत येते. मग इंग्रजीत ‘वुड’ दोन्हीकडे का नको?

उत्तर : चुकीचे मूळ तुमच्या प्रश्नातच आहे. मराठी अट आणि परिणाम या दोहोंना एकच रूप देते. इंग्रजी मात्र ‘वुड’ परिणामासाठी राखून ठेवते आणि अटीतले क्रियापद काळाच्या एक पायरी मागे नेते. म्हणून शुद्ध वाक्य ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’ असे होते. तुम्ही लिहिलेली रचना बोलण्यात कधीकधी ऐकू येते, पण लेखनात ती टाळावी.

खरी अडचण याहून खोल आहे आणि ती सूत्रांनी सुटत नाही. ‘माझ्याजवळ वेळ असता तर मी तुला मदत केली असती’ हे वाक्य आजविषयी आहे की गेल्या महिन्याविषयी, हे मराठीत संदर्भावरूनच कळते. इंग्रजीत ते आधी ठरवावे लागते : आज वेळ नसेल तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प यू’, आणि तेव्हा नव्हता असे म्हणायचे असेल तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव हेल्प्ड यू’. पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ भूतकाळ सांगत नाही, तो केवळ वस्तुस्थिती तशी नाही हे सुचवतो. अट कालची आणि परिणाम आजचा असेल, तर दोन रूपांची सांगडही घालता येते : ‘इफ आय हॅड लिसन्ड टू यू, आय वुड बी हॅपी नाउ’.

भूतकाळाचे रूप वापरून वेगळाच काळ सांगणे आपल्याला नवे नाही. ‘पाऊस आला तर आपण घरीच थांबू’ यातला पाऊस अजून यायचा आहे, तरी आपण ‘आला’ म्हणतो. अशा शक्य कोटीतल्या अटीला इंग्रजी वर्तमानकाळ वापरते, ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’. तिथे ‘इफ इट विल रेन’ चालत नाही. नेहमी खऱ्या ठरणाऱ्या गोष्टींसाठी दोन्हीकडे वर्तमानकाळच येतो, त्यात फारसे अवघड काही नाही.

आणखी एक सवय सोडावी लागेल. मराठीत ‘जर’ गाळला तरी ‘तर’ लागतोच, इंग्रजीत मात्र ‘देन’ बहुधा अनावश्यक असतो आणि ‘इफ’ सहसा गाळता येत नाही. औपचारिक लेखनात तो गाळायचाच असेल, तर ‘हॅड’ कर्त्याच्या आधी आणावा लागतो, आणि मग तुमचेच वाक्य ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम’ असे लिहिता येते.