लाइन ॲरे विकत घ्यायची की आणखी दोन हंगाम भाड्यानेच आणायची?

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळचे एक वाचक १४ वर्षं साऊंड-लाइटचा व्यवसाय करतात. वर्षाला सत्तरेक सुपाऱ्या, उलाढाल ३१ लाख, सगळं जाऊन हातात साडेआठ लाख. मे अखेरीस गोरेगावच्या पाम एक्स्पोला, म्हणजे साऊंड-लाइटच्या प्रदर्शनाला गेले आणि ३८ लाखांचं कोटेशन घेऊन आले: आठ टॉप (वरचे स्पीकर), चार सब (बेसचे स्पीकर) आणि ॲम्प्लिफायरचा रॅक अशी लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगायच्या स्पीकरची सिस्टीम, २१ लाखांची, बारा मूव्हिंग हेड (फिरते लाइट) आणि कन्सोल ७ लाखांचे, २४ बाय १६ फुटांचा ॲल्युमिनियम स्टेज व ट्रस (लाइट टांगायचा सांगाडा) १० लाखांचा. मुलीच्या शिक्षणाची ८ लाखांची एफडी मोडायची, पत्नीच्या दागिन्यांवर ५ लाख उचलायचे आणि उरलेले २५ लाख घर तारण ठेवून बँकेतून, अशी जुळणी. भाव ३० जूनपर्यंतच. ‘हीच संधी आहे ना?’ असं ते विचारतात.

दादा, सगळा सेट आत्ता घेऊ नका. त्यातली एक वस्तू मात्र घ्याच, पण ती तुमच्या मनात शेवटच्या नंबरावर आहे.

आधी हप्ता. २५ लाख, साडेअकरा टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला ५५ हजार, वर्षाला ६ लाख ६० हजार. तुम्ही लिहिता की आज मोठ्या कार्यक्रमाला ३५ हजार मिळतात, नव्या सेटवर ६० मिळतील आणि असे २५ कार्यक्रम होतील. २५ हजारांच्या वाढीतून मोठा टेम्पो आणि दोन जास्तीची पोरं यांचे ६ हजार वजा केले तर एका कार्यक्रमामागे १९ हजार उरतात. पंचवीस कार्यक्रमांचे पावणेपाच लाख. हप्ता ६ लाख ६०. तुमचाच अंदाज खरा धरला तरी खड्डा पडतो, आणि तो धरायलाही मला जड जातंय, कारण गेल्या वर्षी मैदानावरचे मोठे कार्यक्रम झाले १२. हप्ता नुसता भरून निघायला ३५ लागतील. विमा, दुरुस्ती, स्पीकरमधला जळालेला एखादा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), हे अजून धरलेलंच नाही.

त्या १२ रात्री तुम्ही कोल्हापूरहून २० हजार रुपये भाड्याने सिस्टीम आणता, वर्षाचे २ लाख ४० हजार. भाडं वाया जातं म्हणून जीव तुटतो, हे मला कळतं. पण २१ लाखांच्या सेटवर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच सव्वादोन लाखांच्या घरात जातं, मुद्दल वेगळी. शिवाय भाड्याची सिस्टीम बिघडली तर दुरुस्ती तिच्या मालकाची, गोदाम त्याचं आणि पावसाळ्यात ती पडून राहिली तर काळजीही त्याचीच. वर्षाला ३० रात्री लेखी ठरल्या की मला पुन्हा लिहा, तेव्हा विकत घेण्यात अर्थ असेल. निव्वळ हप्त्याच्या हिशेबाने हा आकडा २८ येतो, वरच्या दोन खर्चापाण्याच्या.

‘मोठे कलाकार येतील’ हा तुमचा दुसरा मुद्दा. नावाजलेल्या गायकाचा तंत्रज्ञ आधी रायडर, म्हणजे लागणाऱ्या सामानाची यादी पाठवतो आणि त्यात सिस्टीमची नावं लिहिलेली असतात: एल-अकूस्टिक्स, डी अँड बी, जेबीएलची अमुक मालिका. त्या दर्जाचा सेट २१ लाखांत येत नाही. कोटेशनमधला ब्रँड त्या यादीत बसला नाही, तर सेट दारात असूनही त्या रात्रीपुरती सिस्टीम बाहेरूनच आणावी लागेल. आणि तीन-चारशे माणसांच्या मंगल कार्यालयात आजचे टॉप-बेसच चांगलं काम करतात. बाजूला चार-चारच बॉक्स टांगले तर लाइन ॲरेचा लांब फेकीचा फायदाही पुरता मिळत नाही.

आता वेळ. जूनमध्ये माल उचललात तर पहिला हप्ता जुलैत. आषाढी एकादशीपासून चातुर्मास, लग्नं बंद, मैदानं चिखलात. पैसा यायला लागतो गणपतीत, पुढे नवरात्र, मग तुळशीचं लग्न लागल्यावर लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, चैत्रात जत्रा. बँकेचा हप्ता असा हंगामी नसतो. मागितलं तर हंगामाप्रमाणे हप्ते बांधून देतात, पण ते मंजुरीपत्रात लिहून घ्यायचं, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर राहायचं नाही.

गणपतीतल्या कमाईवरही डोळे झाकून विसंबू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. रहिवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, तुमचे डबल अठराचे (दोन अठरा इंची स्पीकरचे) सब चालू केल्यावर ती कुठे राहते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पोलिसांनी सेट जप्त करून चौकीत ठेवला तरी हप्ता चालूच राहतो. बंदिस्त नाट्यगृह आणि सभागृहाला दहाची अट तशी लागू होत नाही. म्हणून पुढची वाढ मैदानापेक्षा सभागृहात शोधा, असं माझं मत आहे.

विक्रेत्याने सांगितलेल्या दोन गोष्टी तपासू. ‘घसाऱ्यावर टॅक्स वाचेल’ ही पहिली. यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा मिळतो हे खरं, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. पण तुम्ही विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत भरता, ज्याला सगळे ४४एडी म्हणतात. तिथे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर लागतो आणि घसारा त्यातच धरलेला असतो. म्हणजे या खरेदीने तुमचा आयकर एक रुपयाही कमी होणार नाही. योजना सोडली तर पाच वर्षं परत येता येत नाही, तेव्हा हा निर्णय सीएशी बसून घ्या.

दुसरी गोष्ट, ‘फक्त सात टक्के व्याज’ असलेली फायनान्स कंपनी. तो सात टक्के फ्लॅट आहे, म्हणजे मुद्दल फिटत गेली तरी व्याज पाचही वर्षं पूर्ण २५ लाखांवरच. २५ लाखांवर पाच वर्षांचं व्याज ८ लाख ७५ हजार, एकूण ३३ लाख ७५ हजार, भागिले ६०, हप्ता ५६,२५०. बँकेच्या साडेअकरा टक्क्यांपेक्षा सव्वा हजाराने जास्त! घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर साडेबारा टक्के होतो. हप्ता विचारा, टक्का विचारू नका.

३८ लाखांत १८ टक्क्यांप्रमाणे ५ लाख ८० हजार जीएसटी आहे. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर तुम्ही भरायच्या करातून हळूहळू तो वळता होतो. उलाढालीवर सरसकट सहा टक्के भरायच्या कंपोझिशन योजनेत असाल तर गेला. पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही, आणि यावर पाच लाखांचा फरक पडतो.

आता घ्यायची ती वस्तू: स्टेज. वर्षात ४५ ठिकाणी तुम्ही मंडपवाल्याकडून लोखंडी पाइप-फळ्यांचा स्टेज घेता, प्रत्येकी ७ हजारांना. ३ लाख १५ हजार झाले. आठ बाय चारच्या बारा फळ्या, खाली ॲल्युमिनियमची चौकट आणि कमीजास्त होणारे पाय, असा सेट घरचा झाला की उभारणीला दीड हजार धरूनही अडीच लाखांच्या आसपास वाचतात. १० लाखांत लोकांकडे अडकलेली उधारी वसूल करून २ लाख घाला, ८ लाख कर्ज चार वर्षांचं, हप्ता २०,९००. वर्षाचे अडीच लाख. म्हणजे स्टेज स्वतःच स्वतःचं फेडतो, तेही आजच्याच सुपाऱ्यांवर, एकही नवी न धरता. चार वर्षांनी सेट तुमचा, आणि ॲल्युमिनियमच्या फळीचं नवं मॉडेल कुणी मागत नाही. स्पीकरही नीट ठेवले तर दहा वर्षं चालतात. लाइटचं तसं नाही. तुमच्या कोटेशनमधले बारा हेड दिव्याचे आहेत, त्या दिव्याचं आयुष्य दीड-दोन हजार तास, आणि बाजार एलईडीकडे निघालाय. पुढच्या वर्षी रोखीतून चार एलईडीचे घ्या, बाकीचे थांबू द्यात. लेझर तर नकोच, सणात त्यावर ठिकठिकाणी मनाई आदेश निघतात.

८ लाखांसाठी घर तारण ठेवायचं कारणच नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना १० लाखांपर्यंत तरी तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या लघु उद्योगांच्या कर्ज हमी योजनेची हमी मागता येते. उद्यम नोंदणी (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) आधी करा, फुकट असते. तिचा दुसरा उपयोग उधारीला. तुमचे ४ लाख ६० हजार अडकलेत, त्यातले ३ लाख एका इव्हेंट कंपनीकडे. नोंदणीनंतर केलेल्या कामाचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर तो खर्च त्या वर्षी त्यांना आयकरात वजा मिळत नाही. त्यांच्या सीएला हे बरोबर कळतं. जुन्या बाकीसाठी मात्र नेट लावून पाठपुरावाच करावा लागेल. मंडळांकडचे दीड लाख कार्यकर्ते बदलायच्या आत घ्या, बाकी तुम्ही जाणताच.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुमच्या शेजारीच कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. बँक काढायला लावते तो विमा बहुधा गोदामाच्या पत्त्यापुरता असतो. टेम्पोतला आणि कार्यक्रमाच्या जागेवरचा माल त्यात येतो का, हे विचारून घ्या. ट्रस पडून कुणी जखमी झालं तर त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा वेगळा लागतो.

मुलगी दहावीत आहे, म्हणजे एफडी दोन-तीन वर्षांत लागणारच. तिला हात लावू नका, दागिनेही कपाटातच राहू देत. विक्रेत्याला फोन करून फक्त स्टेज आणि ट्रसचा भाव मागा, कराडपोच, जीएसटी वेगळा दाखवून, सोबत भारक्षमतेचा दाखला. ३० जूनच्या मुदतीची धास्ती घेऊ नका, पावसाळ्यात त्यांचंही गोदाम भरलेलंच असतं. माल ऑगस्टमध्ये, गणपतीच्या पंधरा दिवस आधी उतरेल असं ठरवा आणि पहिला हप्ता सप्टेंबरनंतरचा मागून घ्या.