डोस वाढवण्याआधी टोपणाचा रंग बघा

ताई, बाबांचा इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवूनही उपाशीपोटी साखर 280 च्या खाली येत नाही, हे तुमचं वाचलं आणि आमच्या आईचा तो उन्हाळा आठवला. घरात सगळ्यांचा संशय तिच्यावरच. चोरून संत्रा बर्फी खाते म्हणून फ्रिजला कुलूप लावायचंच काय ते बाकी होतं.

बाबांना बाटलीतूनच देता ना? मग सिरिंजचं टोपण बघा. बाटलीवर बहुतेक वेळा 40 लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलिलिटरला 40 युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. नारंगी टोपणाची 100 च्या इन्सुलिनसाठी. आमच्या मेडिकलवाल्याकडे लाल संपल्या होत्या. "घेऊन जा ना भाऊ, सारख्याच असतात," म्हणाला. मीही शहाणा, घेऊन आलो. त्या नारंगीवर 20 च्या रेघेपर्यंत भरलं की जायचे फक्त 8 युनिट. डॉक्टरांनी 20 चे 30 केले, तेव्हा आम्ही 12 देत होतो! त्या दवाखान्यात दोन महिने खेटे घातले, पण 'सिरिंज दाखवा' असं एकानंही म्हटलं नाही. पथ्याचा कागद मात्र तीनदा दिला.

खरा घात पुढे झाला. दुकानात लाल टोपणाच्या परत आल्या आणि मी रात्री तेच 30 भरले. पहाटे आई घामानं चिंब, जीभ जड, साखर 48. शुद्धीवर होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. 15 मिनिटांनी 76 आली. माझे हात दुपारपर्यंत कापत होते.

म्हणून सिरिंज चुकीची निघाली तर आपल्या मनानं बदलून तोच आकडा भरू नका. आधी डॉक्टरांना फोन करा, डोस नव्यानं ठरवून घ्या. मी काही डॉक्टर नाही, पोळलेला माणूस आहे. आणि इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून (पेनात बसणाऱ्या नळीतून) लाल सिरिंजनं कधीही ओढू नका, त्यात बहुतेक 100 चं असतं, अडीचपट जातं.

सिरिंज बरोबर असेल तर पोटावर हात फिरवून बघा. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथलं इन्सुलिन नीट लागत नाही. आणि सीताबर्डीच्या बाजारातून बाटली गाडीच्या डिकीत टाकून आणता का? मे महिन्यात नागपुरात डिकीची भट्टी होते, इन्सुलिन खराब होतं.