मिलि दोनदा आलाय

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही परत पाठवतोय. सूत्रं बरोबर आहेत, आकडेमोडही स्वच्छ आहे. तरी नऊपैकी चार उत्तरं चुकली, आणि चारही एककांपायी. त्यातलं तारेचं गणित तेवढं सविस्तर घेतो.

नायक्रोमची तार, लांबी २ मीटर, व्यास ०.४ मिमी, रोधकता १.१ × १०⁻⁶ ओहम-मीटर, रोध काढा. व्यासाची निम्मी त्रिज्या आठवणीने घेतलीस (निम्मा वर्ग तिथेच घसरतो), क्षेत्रफळ ०.१२५६ चौरस मिमी काढलंस. इथवर शाबास. मग ‘मिलि म्हणजे १०⁻³’ असं म्हणत त्याला हजाराने भागलंस आणि उत्तर लिहिलंस ०.०१७५ ओहम. अरे, पण चौरस मिलिमीटरमध्ये तो मिलि दोनदा आलाय! दोन्हींचा हिशेब द्यायचा, म्हणजे १०⁻⁶. रोध येतो १७.५ ओहम.

आता ही तार २३० व्होल्टला जोडून बघ, कागदावरच. तुझ्या उत्तराप्रमाणे प्रवाह निघतो तेरा हजार अँपिअर. घरातल्या हीटरच्या जाड पिनांच्या प्लगवर १६ अँपिअर छापलेलं असतं. १७.५ ओहम घेतलेस तर येतात साधारण १३. उत्तराखाली दोन रेघा मारण्याआधी हे एवढं विचारलं असतंस, तर चूक तुलाच सापडली असती.

क्षेत्रफळाची ही गडबड डोक्यातून घालवायला मी गुंठा वापरतो. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. एका फुटाचे ०.३०४८ मीटर, म्हणून एकदाच गुणलंस तर ३३२ येतात. पण ३३ फूट म्हणजे जेमतेम १० मीटर, आणि दहा दाहे शंभर! दोनदा गुणलं की १०१ चौरस मीटर येतात. सातबाऱ्यावरचा आर १०० चौरस मीटरचा, म्हणून तर गावात गुंठा आणि आर एकच धरून चालतात.

वेगाच्या गणितात तू ५/१८ च्या जागी १८/५ लावलंस. पाठांतराचं हे असंच होतं. त्यापेक्षा लांबलचक लिही: ७२ किमी/तास × १००० मी/१ किमी × १ तास/३६०० से. किमीने किमी कटतो, तासाने तास, उरतात २० मी/से. अपूर्णांक उलटा मांडलास तर काहीच कटणार नाही, तिथेच कळेल. मात्र त्यासाठी प्रत्येक पायरीत आकड्याशेजारी एकक लिहायला हवं. तू ते फक्त शेवटी चिकटवतोस, प्रश्नात विचारलंय म्हणून.

बिनएककाचा आकडा काय करतो ते कॅनडात १९८३ साली दिसलं. तिथे तेव्हा मेट्रिक पद्धत नव्याने येत होती. एका बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना लिटरचं वजन काढायला १.७७ हा आकडा वापरला गेला. तो होता पौंड प्रति लिटर. किलोग्रॅमसाठी साधारण ०.८ हवा होता. टाकीत निम्म्याहूनही कमी इंधन पडलं, दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. कागदावरचा गुणाकार बरोबरच होता.

राहिलं तापमानाचं. २०° सेल्सिअसचे २९३ केल्विन, बरोबर. पण पाणी २०° वरून ५०° वर नेलं तर तापमानातला फरक ३० केल्विन, ३०३ नाही. दोन्ही टोकांना २७३ मिळवलेस की वजाबाकीत ते निघूनच जातात. उष्णतेच्या त्या गणितात तुझं उत्तर दहापट का आलं, ते आता तुझं तू शोध.

चारही गणितं नव्या पानावर कर, जुनी खोडू नकोस. रविवारी दुपारी ये, वही घेऊन.

तुझा,
सर