गोपनीयता की खासगीपणा?

प्रश्न असा आहे : ग्राहकांचे बँकेतले कागद सरकारपासून राखणाऱ्या, अमेरिकेच्या १९७८च्या 'राइट टू फायनान्शियल प्रायव्हसी ॲक्ट'ला मराठीत 'आर्थिक गोपनीयता हक्क कायदा' म्हटले तर चालेल का?

चालेल, पण माझ्या कानाला खटकते. 'गुप्' धातूत राखणे आणि लपवणे हे दोन्ही अर्थ आहेत; गोपनीय म्हणजे झाकून ठेवण्याजोगे. झाकायचे काम ज्याच्याकडे ती वस्तू आहे त्याचे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात ती सरकारी गोष्टी बाहेर न फोडण्याची. आता सरकारपासून लोकांचे कागद राखायलाही तोच शब्द, म्हणजे गंमतच आहे.

शिवाय मुळातले भांडण गुपित फुटल्याचे नव्हतेच. १९७६ साली 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध मिलर' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चेक आणि भरणा-पावत्या ही बँकेची कागदपत्रे आहेत, त्यांच्यासाठी खातेदाराला चौथ्या घटनादुरुस्तीचा (सरकारच्या अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या कलमाचा) आधार घेता येणार नाही. म्हणजे वाद होता कागद कोणाचे याचा. दोन वर्षांनी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा कायदा करून ग्राहकाला मध्ये बोलायला जागा दिली. संघराज्य सरकारच्या एखाद्या विभागाला बँकेकडून ग्राहकाच्या नोंदी हव्या असतील तर समन्स, वॉरंट किंवा लेखी मागणी अशी रीत पाळावी लागते. ग्राहकाला सहसा आधी नोटीस जाते. ती हाती पडल्यापासून १० दिवसांत, टपालाने धाडली असेल तर धाडल्यापासून १४ दिवसांत त्याला कोर्टात हरकत घेता येते. (राज्य सरकारांना मात्र हे बंधन नाही.)

म्हणून माझे मत 'खासगीपणा'ला. या शब्दाला पैशाचा संदर्भ मराठीत जुनाच आहे. होळकरशाहीत 'दौलत' (राज्याचा पैसा) वेगळी आणि 'खासगी' (घराण्याची स्वतःची मिळकत) वेगळी. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना मिळालेली जहागीर खासगीची, तिचा हिशेब दौलतीत मिसळायचा नाही. सरकारचे काय आणि आपले काय, ही रेघ त्या शब्दातच आहे. 'गोपनीयता' बँकेने पाळायच्या कर्तव्यासाठी राखून ठेवावी.

जाता जाता : याच कायद्यातल्या 'कस्टमर'ला 'खातेदार' करू नका. व्याख्येत व्यक्ती आणि फार तर पाच जणांची भागीदारी एवढेच बसते. कंपनीही बँकेची खातेदार असते, पण या कायद्यातली 'कस्टमर' नव्हे.