नेपाळला माल पाठवायचा की तिथेच कंपनी काढायची?

प्रश्न असा आहे: शेतीपंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्याला नेपाळमधल्या बीरगंजच्या व्यापाऱ्याकडून मागणी आली आहे. माल रक्सौलमार्गे (बिहारमधला सीमेवरचा नाका) पाठवत राहावं, की नेपाळमध्येच कंपनी काढावी? माझं मत स्पष्ट आहे. आधी आयातदारामार्फत विका, आणि पैसे वेळेवर येतात याची खात्री पटेपर्यंत कंपनीचा विषय काढू नका.

नेपाळी रुपया १९९३ पासून १.६० ला एक भारतीय रुपया या दराने बांधलेला आहे. त्यामुळे चलनाचा धोकाच नाही, असं अनेकांना वाटतं. दर हलत नाही हे खरं, पण पैसा अडू शकतो. परकीय गंगाजळी आटू लागली तेव्हा, २०२१ च्या अखेरीस, नेपाळ राष्ट्र बँकेने (तिथली मध्यवर्ती बँक) बऱ्याच वस्तूंच्या एलसीवर (आयातदाराच्या बँकेने दिलेलं पैशांचं हमीपत्र) मोठं रोख मार्जिन लावलं, म्हणजे आयातदाराला मोठी रक्कम आधीच बँकेत ठेवावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये काही वस्तूंची आयातच बंद केली आणि ती बंदी डिसेंबरपर्यंत टिकली. म्हणून सुरुवातीला आगाऊ रक्कम किंवा एलसी, यापलीकडे जाऊ नका. पैसे बँकेतूनच यायला हवेत. सीमेवर रोख घेतलेल्या रकमेचा बँकेकडे पुरावा नसतो आणि निर्यातीचे पैसे फेमाच्या (परकीय चलन कायदा) मुदतीत आल्याचं दाखवता आलं नाही, तर जीएसटीचा मिळालेला परतावा जीएसटीच्या नियम ९६ब खाली व्याजासह परत जातो.

कागदपत्रांत आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), आइसगेटवर (भारतीय कस्टमचं पोर्टल) एडी कोडची, म्हणजे तुमच्या बँकेच्या क्रमांकाची, नोंद आणि चालू आर्थिक वर्षाचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) आधी तयार ठेवा. एलयूटीवर पाठवलेला माल बिलाच्या तारखेपासून ३ महिन्यांत देशाबाहेर जायला हवा. ई-वे बिलात (माल वाहतुकीचा जीएसटी परवाना) खरेदीदाराचं राज्य ‘अदर कंट्री’ आणि पिन ९९९९९९ टाका, पण माल पोहोचण्याचं ठिकाण म्हणून रक्सौलचा पत्ता आणि तिथलाच पिन द्या. एलयूटीऐवजी आयजीएसटी (निर्यातीवरचा जीएसटी) भरून पाठवत असाल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) मधला बिल क्रमांक शिपिंग बिलावरच्या (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा अर्ज) क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एखादी आडवी रेघ चुकली तरी कस्टमच्या प्रणालीत एसबी-००५ ही त्रुटी येते आणि परतावा लटकतो.

पलीकडे भन्सार (नेपाळचं कस्टम) कार्यालयात आयातदार प्रज्ञापनपत्र, म्हणजे मालाचं घोषणापत्र, भरतो. व्हॅट १३ टक्के, तोही भन्सार शुल्क धरून येणाऱ्या किमतीवर. एचएस कोडचे (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पहिले ६ आकडे दोन्हीकडे सारखे असतात, पुढचे वेगळे. तेव्हा माल निघण्याआधी आयातदाराकडून नेपाळचा पूर्ण कोड लेखी मागवा आणि बिलावरचं वर्णन त्याला जुळवून घ्या. नुसतं ‘मशिनरी पार्ट्स’ लिहिलं की ट्रक उभा राहिलाच. निम्म्या किमतीचं बिल मागितलं तर साफ नकार द्या. भन्सार किंमत वाढवून लावतं आणि उरलेली रक्कम हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरून, आली की तुम्ही फेमाच्या कचाट्यात सापडता.

एकाच नाक्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात सीमा अडली, तेव्हा रक्सौल-बीरगंज मार्गाला सर्वांत जास्त फटका बसला होता. पूर्वेकडच्या ग्राहकांसाठी जोगबनी-विराटनगर, पश्चिमेसाठी सुनौली-भैरहवा आणि रुपैडिहा-नेपाळगंज इथले कस्टम ब्रोकर आधीच गाठून ठेवा.

आता कंपनीचं. नेपाळमध्ये परकीय गुंतवणुकीची किमान मर्यादा २०२२ मध्ये ५ कोटींवरून २ कोटी नेपाळी रुपयांवर आली, म्हणजे आपले सव्वा कोटी. पण किरकोळ विक्री परकीयांना बंद आहे, त्यामुळे नुसतं दुकान थाटण्याचा बेत असेल तर तिथेच थांबा. भारतातून पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, मिळवावा लागतो आणि त्यानंतर वार्षिक अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा असतो.

तिथे पंप जोडून भारतात शुल्कमुक्त विकायचा विचार मात्र नीट तपासा. भारत-नेपाळ व्यापार करारानुसार तिसऱ्या देशाच्या मालाचा वाटा एफओबी किमतीच्या (वाहनावर चढवेपर्यंतची किंमत) ७० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, शिवाय तयार मालाचं ४ अंकी शीर्षक (एचएस कोडचे पहिले ४ आकडे) त्या मालापेक्षा वेगळं असावं लागतं. खरी गोम इथे आहे: पंप ८४१३ मध्ये येतो आणि पंपाचे भागही (८४१३.९१) त्याच शीर्षकात. चिनी भाग आणून फक्त जोडले तर शीर्षक बदलतच नाही, मूल्यवृद्धी कितीही दाखवा. भाग भारतातून नेले किंवा ओतकाम तिथेच केलं, तर गणित जमू शकतं. त्यातही २०२० च्या कॅरोटार नियमांमुळे (शुल्कसवलतीच्या आयातीत मूळ देश तपासण्याचे भारतीय कस्टमचे नियम) भारतातल्या खरेदीदाराला मूळ देशाचा तपशील ५ वर्षं जपून ठेवावा लागतो. म्हणजे तुमच्या कारखान्याचा खर्चाचा ताळेबंद त्याच्या हाती द्यावा लागेल. याला तो आणि तुम्ही दोघेही तयार आहात का, हे यंत्रं घेण्याआधी लेखी ठरवा.