वर्षभराच्या प्रवासाला निघण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

तुझा बेत वाचला. वर्षभर परदेशात फिरायचं, पाठीवर एकच सॅक, जमेल तिथे बस नि रेल्वे, आणि मधले दोन-तीन टप्पे गाडी घेऊन. बेत चांगला आहे. हिशेब मात्र बदलावा लागेल. तू एका दिवसाचा खर्च काढून त्याला ३६५ ने गुणलं आहेस. लांबच्या प्रवासात पैसा दिवसांवर फारसा अवलंबून नसतो, मुक्काम किती वेळा हलवला यावर असतो. प्रत्येक वेळी हललं की तिकीट येतं, स्टँडपासूनची टॅक्सी येते, पहिल्या रात्रीची घाईत घेतलेली महाग खोली येते, दोन दिवस बाहेरचं जेवण येतं आणि अर्धवट वापरलेला किराणा टाकून द्यावा लागतो. एकाच देशात तीस दिवसांत तीन ठिकाणी राहणं आणि बारा ठिकाणी राहणं यांचे खर्च एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. शिवाय आठवडाभर राहिलं तर भाड्यात सूट मागता येते, महिनाभर राहिलं तर बरीच मोठी मिळते.

म्हणून हिशेब असा मांड. एकूण रकमेतून परतीच्या तिकिटाचे पैसे आणि एक पंचमांश गंगाजळी आधी बाजूला काढ आणि वेगळ्या खात्यात ठेव. मग विमा, लसी, व्हिसा, सामान, लांब पल्ल्याची विमानं आणि गाडीचे टप्पे हे एकरकमी खर्च वजा कर. उरेल त्याला ५२ ने भाग. तो तुझा आठवड्याचा खर्च. रोजचा आकडा धरू नकोस, कारण ज्या दिवशी गाव बदलतं त्या दिवशी तो हमखास ओलांडला जातो आणि माणूस उगाच धास्तावतो. आठवड्याचा आकडा सलग तीन वेळा ओलांडला गेला, तर जेवणात काटकसर करण्याआधी पुढचा मुक्काम लांबव.

व्हिसाचे दिवस हा या हिशेबाचाच भाग आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणारा गट) अल्पमुदतीचा नियम १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे आणि ही १८० दिवसांची चौकट स्थिर नसते. प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे असतात, आणि आत शिरल्याचा व बाहेर पडल्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. एक दिवस शेजारच्या देशात जाऊन आलं की मोजणी शून्यापासून सुरू होते, हा फार जुना गैरसमज आहे. क्रोएशिया २०२३ पासून या चौकटीत आहे, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे आहेत. त्यामुळे आधी जिथे 'बाहेरचे' दिवस काढता येत, ते देश आता आतले झाले आहेत. अल्बानिया, सर्बिया, बोस्निया, तुर्कस्तान, जॉर्जिया बाहेर आहेत आणि तिथले मुक्काम स्वस्तही पडतात. व्हिसात दिलेले दिवस नव्वदांपेक्षा कमी असतील तर तेच खरे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्याजाण्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा शिक्का पुसट होता ही सबब चालायची नाही.

हॉस्टेलमध्ये काही तास काम करून फुकट राहण्याचा विचार तू लिहिला आहेस. बऱ्याच देशांत राहण्याच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा कामच धरतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेच्या सीमेवर हे कळलं तर परत पाठवतात. तुझ्या पासपोर्टला आणि वयाला वर्किंग हॉलिडे व्हिसा (फिरता फिरता काम करण्याची मुभा देणारा) मिळत असेल, तर तो रीतसर काढ.

सॅक चाळीस लिटरच्या वर घेऊ नकोस आणि भरून सात किलोच्या आत ठेव. बऱ्याच स्वस्त विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा सात किलोच असते आणि त्यावरच्या बॅगेचं शुल्क कधीकधी तिकिटाहून जास्त पडतं. बॅग हलकी असली की स्टँडपासून दोन किलोमीटर चालत जाता येतं. पॉवर बँक केबिनमध्येच लागते आणि परवानगीविना १०० वॉट-तासांपर्यंतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, ती पुरे. कॅम्पिंगचा गॅसचा डबा विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. स्टोव्ह ने, गॅस तिथे घे.

दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेव. एटीएमने किंवा दुकानाच्या मशीनने "तुमच्या चलनात रक्कम घेऊ का" असं विचारलं की नाही म्हण आणि स्थानिक चलन निवड. त्या दरात त्यांचा नफा धरलेला असतो. एटीएमचं शुल्क दर वेळेला ठरावीक असेल, तर थोडेथोडे काढण्यापेक्षा एकदम काढ.

आता गाडी. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात आणि इथेच बुडतात. एकट्याने भाड्याची गाडी जवळजवळ कधीच परवडत नाही. तिघे-चौघे असले आणि बस जात नाही असा प्रदेश असला, तर परवडते. आइसलँड, नामिबिया, न्यूझीलंडचं दक्षिण बेट, चिलीचा दक्षिणेकडचा कारेतेरा आउस्त्राल महामार्ग अशा ठिकाणी. शहरापासून शहरापर्यंत जायला गाडी घेऊ नकोस.

कॅम्परव्हॅनचा मोह होईल, राहणं आणि प्रवास एकातच म्हणून. आधी इंधन मोज. लहान कार १०० किलोमीटरला सहा-सात लिटर घेते, मोठी कॅम्परव्हॅन बारा घेते. ४,००० किलोमीटरच्या फेरीत हा फरक दोनशे लिटरच्या वर जातो. भाडंही साधारण दुप्पट असतं. वर कुठेही थांबून झोपता येईल ही समजूत बऱ्याच देशांत खोटी ठरते. आइसलँडमध्ये गाडीत झोपायला कॅम्पसाइट लागते. नॉर्वेत उघड्या रानात तंबू ठोकण्याचा हक्क आहे, पण वस्तीपासून १५० मीटर दूर, आणि तो हक्क पायी जाणाऱ्याचा आहे, गाडीचा नाही. लहान कार आणि तंबू ही जोडी बहुतेक वेळा स्वस्त पडते. कॅम्परच हवी असेल तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रीलोकेशनच्या गाड्या पाहा. एका शहरात साठलेल्या गाड्या कंपनीला दुसऱ्या शहरात हव्या असतात, म्हणून नाममात्र भाड्याने देतात. दिवस आणि किलोमीटर मात्र मोजून मिळतात, रमतगमत जाता येत नाही.

न्यूझीलंडमध्ये दोन-तीन महिने काढणार असशील तर गाडी विकत घेणं बरं पडतं. तिथे परदेशी माणसालाही नोंदणी सहज करता येते. वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी असल्याची तपासणी, नुकतीच झालेली पाहा आणि सौदा करण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घे. डिझेल गाडीला रस्ता-कर वेगळा असतो, तो हजार-हजार किलोमीटरच्या हिशेबाने आगाऊ भरायचा. काचेवरच्या लेबलावरचा आकडा आणि ओडोमीटर ताडून पाहा. आधीच्या मालकाने भरला नसेल तर ती थकबाकी तुझ्या गळ्यात पडते. व्हॅन 'सेल्फ-कंटेन्ड' (संडास-पाण्याची सोय आतच असलेली) म्हणून विकत असतील, तर २०२३ च्या कायद्याप्रमाणे आत कायम बसवलेला संडास लागतो. सुटं भांडं चालत नाही. थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा नाही, तरी घेच. दुसऱ्याच्या महागड्या गाडीला धक्का लागला तर वर्षभराची शिल्लक एका दुपारी संपेल. आणि ऋतू साध. मार्च ते मे सगळे परतणारे एकदम विकायला काढतात आणि भाव पडतात. तेव्हा घ्यावी, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात विकावी. उलट केलं की तोटा ठरलेलाच.

भाड्याच्या गाडीचा करार घेताना भाड्याच्या आधी नुकसानीत तुझा वाटा किती तो आकडा वाच. बहुतेकदा मूळ विम्यात पुढची काच, टायर, गाडीचा खालचा भाग आणि छत धरलेलं नसतं, आणि कच्च्या रस्त्यावर नुकसान नेमकं याच जागी होतं. हा वाटा भरून देणारा वेगळा विमा बाहेरून घेतला तर काउंटरवरच्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, पण मग काउंटरवर मोठी अनामत अडकते. ती मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर लागते, आणि मोकळी व्हायला कधी दोन-तीन आठवडे जातात. ती रक्कम त्या काळात खर्चाला नाही असं धरून चाल. गाडी घेताना आणि देताना चारही बाजू, चाकं, काच, छत, इंधनाचा काटा आणि ओडोमीटर यांचा सलग व्हिडिओ काढ. आइसलँडमध्ये एफ-रस्ते, म्हणजे डोंगराळ भागातले कच्चे रस्ते, फक्त फोर बाय फोरसाठी आहेत, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर विमा देत नाही. वाऱ्याने दार उलटं फाकण्याचंही तेच. दार उघडताना ते हाताने घट्ट धरून ठेवायचं.

इंधन चुकीचं भरणं ही घोडचूक पहिल्या दोन दिवसांत होते. स्पेनमध्ये गासोलिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलेओ म्हणजे डिझेल, थकलेल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. युरोपीय संघात २०१८ पासून पंपावर चिन्हं आहेत. वर्तुळातलं 'ई' म्हणजे पेट्रोल, चौकोनातलं 'बी' म्हणजे डिझेल. झाकणाच्या आत तेच चिन्ह शोध. चूक लक्षात आली तर किल्लीला हातही लावू नकोस. इंजिन सुरू केलं नाही तर टाकी रिकामी करून निभावतं, सुरू केलं तर पंप आणि इंजेक्टर जातात.

टोलचंही तसंच. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर एक दिवस जायलाही वर्षाचाच व्हिन्येट, म्हणजे टोलचा परवाना, घ्यावा लागतो, ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचा मिळतो. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे लावलेले असतात. दंड काही महिन्यांनी येतो, वर गाडीच्या कंपनीची कागदी फी. गाडी वेशीबाहेर लाव.

कच्च्या रस्त्यावर नकाशाने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नकोस. नामिबियात खडीवर ताशी ८० च्या वर जाऊ नये. गाडी घसरते ती बहुधा वळणावर अचानक ब्रेक दाबल्याने किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवल्याने. स्टेपनी दोन माग, जॅक सगळ्या सुट्या भागांसह आहे का ते गाडी ताब्यात घेतानाच पाहा आणि एकदा चाक काढून परत बसव. खोल वाळूत हवा १५ ते १८ पीएसआयवर आणायची आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून कॉम्प्रेसर जवळ हवा. अंधारात चालवू नकोस, जनावरं संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

विरुद्ध बाजूने चालवायची सवय होते. मात्र चूक गर्दीत होत नाही, रिकाम्या रस्त्यावर होते. सकाळी निघताना, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, यू-टर्ननंतर. एवढंच मनात धर की नेहमीच्या गाडीत चालक रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसलेला असतो.

ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तानमधला पामीरचा रस्ता तू यादीत घेतला आहेस. तिथे गाडी स्वतः चालवण्यापेक्षा चौघांनी मिळून चालकासह जीप ठरवा. ताजिकिस्तानच्या गोर्नो-बदख्शान प्रांताचा वेगळा परवाना लागतो. दिशा मात्र विचार करून निवड. किर्गिझस्तानातल्या ओशहून निघालं की सुमारे हजार मीटरवरून एका दिवसात काराकुल तळ्यापाशी, जवळजवळ ३,९०० मीटरवर झोपायची वेळ येते, आणि तिथे डोकं उठतं, उलट्या होतात. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून खोरोगमार्गे गेलं तर चढ हळूहळू येतो आणि ४,६५५ मीटरची आक-बाइताल खिंड येईपर्यंत शरीर तयार होतं. ३,००० मीटरच्या वर रोज झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. लक्षणं वाढत गेली तर औषधापेक्षा खाली उतरणं हाच उपाय.

विम्याच्या कागदात तीन गोष्टी शोध: उचलून इस्पितळात किंवा मायदेशी नेण्याचा खर्च, ट्रेकिंगच्या उंचीची मर्यादा आणि दुचाकी. दुचाकीचा वैध परवाना नसताना भाड्याची स्कूटर घेतली आणि पडलं, तर दावा नाकारला जातो. तरुण प्रवाशांची मोठी बिलं बहुधा इथूनच येतात. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस गाठायची, आधी लस घेतलेली असली तरी.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येईल. प्रत्येक देऊळ, प्रत्येक धबधबा सारखाच वाटू लागेल, आणि त्या वैतागात महागडी विमानं बुक होतात. त्या वेळी स्वस्त गावात, स्वयंपाकघर असलेल्या घरात दोन-तीन आठवडे थांब. ते आठवडे आत्ताच बेतात धर.

निघण्याआधीचा क्रमही लिहून ठेव. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने चालेल आणि पानं कोरी असतील हे पाहा. रेबीजच्या आगाऊ लसीचे दोन डोस सात दिवसांच्या अंतराने, पिवळ्या तापाची लस लागत असेल तर तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ज्या देशाने लायसन्स दिलं तोच देतो, म्हणून निघण्याआधीच काढ. रस्ता-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा एक वर्ष चालतो, १९६८ च्या करारानुसारचा तीन वर्षांपर्यंत. जपानला १९४९ चाच लागतो, आणि चीनमध्ये दोन्ही चालत नाहीत. वर्षाच्या शेवटी गाडी चालवायची असेल तर तो निघायच्या आठवड्यातच काढ, म्हणजे मुदत मधेच संपणार नाही. पहिल्या देशात फक्त पहिल्या आठवड्याचा मुक्काम बुक कर. गाडीचा टप्पा पहिल्या महिन्यानंतर ठेव, तोवर गाडीचा खर्च वाटून घेणारे सोबतीही भेटलेले असतील.