शिसवाचं फुटिंग जोडलं की बाण कडक होतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ४० पौंड ओढीचा लाँगबो (लांब, साधं लाकडी धनुष्य), पोर्ट ऑर्फर्ड सीडर या हलक्या लाकडाचे २८ इंची बाण, पुढच्या टोकाला ८ इंचांचं शिसवाचं फुटिंग, म्हणजे सांधून बसवलेला कठीण लाकडाचा तुकडा. कठीण लाकडामुळे बाण कडक होणार, मग नेहमीच्या ४५ स्पाइनऐवजी (स्पाइन म्हणजे पौंडांत सांगितलेला बाणाच्या दांड्याचा कडकपणा) ४० चे शाफ्ट, म्हणजे दांडे, घ्यावेत का? माझं स्पष्ट मत, घेऊ नका. ४५ चेच घ्या, एखादा पौंड जास्त असला तरी चालेल.

आपल्याकडे ‘कठीण लाकूड म्हणजे कडक लाकूड’ असं धरून चालतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. शिसव सीडरपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड आहे. घन मीटरला शिसव ८३० किलोच्या आसपास, सीडर ४६० च्या. पण वाकण्याला विरोध करण्याची ताकद बघितली तर दोन्ही जवळपास सारखीच, ११ ते १२ गिगापास्कल. म्हणजे शिसव जोडून तुम्ही वजन वाढवता, कडकपणा नाही. पर्पलहार्ट या परदेशी जांभळ्या लाकडाची गोष्ट वेगळी, ते २० गिगापास्कलपर्यंत जातं. परदेशी तिरंदाज ‘फुटिंगने बाण कडक झाला’ म्हणतात, तेव्हा त्यांनी कोणतं लाकूड लावलंय ते आधी विचारा.

आता स्पाइन मोजणाऱ्या गेजचं बघू. २६ इंचांवर दोन टेकू, मधोमध २ पौंडांचं वजन, आणि जितके इंच झुकेल त्याने २६ ला भागायचं. ४५ चा शाफ्ट सुमारे ०.५८ इंच झुकतो. हे झुकणं सगळ्या लांबीत सारखं वाटलेलं नसतं. सर्वात जास्त ताण मध्यावर, टेकूपाशी जवळपास शून्य. २८ इंची बाण मधोमध ठेवला की फुटिंगचा एक इंच टेकूच्या बाहेर जातो आणि सात इंच आत राहतात. त्या सात इंचांचा एकूण झुकण्यातला वाटा ८ टक्क्यांच्याही आत येतो. त्यातही सांधा निमुळता, मध्याकडे जाताना कठीण लाकूड संपतच आलेलं असतं. हिशेब केला तर अगदी पर्पलहार्ट लावूनसुद्धा ४५ च्या शाफ्टवर एक पौंडाचा फरक दिसत नाही. शिसवाने तर काहीच नाही. फुटिंग लावल्यावर गेजवर तीन-चार पौंड वाढलेले दिसले, तर आधी कॅलिपर घेऊन सांध्याची जाडी मोजा. रंधा मारताना तो भाग जाड राहिलेला असू शकतो, आणि कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो.

बाण सुटतानाचा हिशेब मात्र निराळा. दोरी मागून ढकलते, टोकाचं वजन जागचं हलायला तयार नसतं, मधला भाग वाकतो. ११/३२ इंच जाडीच्या शाफ्टला दोन इंच भरीव आणि सहा इंच निमुळत्या सांध्याचं शिसव लावलं, तर बाणाचं वजन जवळपास ४३ ग्रेनने (सुमारे २.८ ग्रॅम) वाढतं. १२५ ग्रेनचा पॉइंट (धातूचं टोक) असलेल्या बाणाचा तोल पाऊण इंचाच्या आसपास पुढे सरकतो. म्हणजे तुमचा बाण सुटताना मऊ वागणार, तुम्ही धरून चाललात त्याच्या नेमकं उलट. हे वजन अगदी टोकावर नसून थोडं मागे पसरलेलं असतं, म्हणून ४३ ग्रेन जड पॉइंट लावल्याइतका परिणाम होत नाही. पॉइंट १२५ वरून १०० ग्रेनवर आणलात तर बराचसा हिशेब जुळतो. पर्पलहार्टमध्ये पुढचा भाग खरोखर ताठ राहतो आणि वाकणारी लांबी किंचित कमी होते, त्यामुळे वजनाचा परिणाम थोडाफार भरून निघतो.

जुने लोकही फुटिंग वजनासाठीच लावत. इंग्लंडमध्ये रॉजर ॲशमने १५४५ मध्ये तिरंदाजीवर लिहिलं, त्यात बाणाला जड लाकडाचा तुकडा जोडण्याचं कारण पुढचं टोक पिसांच्या तोलाचं व्हावं हे दिलं आहे. मी त्यात मजबुतीची भर घालेन, कारण लाकडी बाण बहुतेक वेळा पॉइंटच्या मागेच तुटतो.

त्या दृष्टीने आपल्या नाशकात शिसवाचाच हट्ट का? बाभळीचा विचार करा. बैलगाडीची चाकं आणि अवजारांचे दांडे आपल्याकडे तिचेच होत आले, धक्का सोसण्यात ती पक्की. जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्यांचं सागवान मिळालं तर तेही चालतं. ते शिसवापेक्षा हलकं, त्यामुळे स्पाइनला फारसा धक्का नाही. फक्त सागाला तेल असतं, चिकटवण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावा.

दोन टोकांचा सांधा, म्हणजे फुटिंगला खाच पाडून त्यात पाचरीसारखा तासलेला शाफ्ट बसवणं, करणार असाल तर सगळ्या बाणांना या खाचेची दिशा एकच ठेवा. खाचेच्या आडव्या दिशेने वाकताना कठीण लाकूड बाहेरच्या बाजूला येतं, दुसऱ्या दिशेने ते सीडरच्या शेजारी असतं. ताठ लाकूड असेल तर दोन दिशांचा कडकपणा वेगळा पडतो.

आणखी एक, फुटिंगपेक्षा मोठा फरक आपला पावसाळा करतो. लाकडातला ओलावा एक टक्क्याने वाढला की कडकपणा साधारण दोन टक्क्यांनी उतरतो. चार टक्के ओलावा चढला तर ४५ च्या शाफ्टमधून साडेतीन पौंड गेले. एप्रिलमध्ये मोजलेले शाफ्ट ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा, आणि फुटिंग जोडण्याआधी नीट सीलर मारलेले, एकाच वेळी मोजलेले शाफ्ट वापरा.

सगळा डझन एकदम जोडू नका. आधी एकाच स्पाइनचे चार शाफ्ट काढा, दोघांना फुटिंग करा, दोघे तसेच ठेवा. चौघांनाही पीस न लावता, सारखाच पॉइंट बसवून जवळून सोडा. उजव्या हाताने ओढत असाल तर मऊ बाण उजवीकडे जातो, कडक डावीकडे. फुटिंगवाले साध्या बाणांच्या उजवीकडे पडले तर पॉइंट हलका करा, आणि मगच उरलेल्यांना करवत लावा.